दिक्कालाचें रंगचित्र

पदार्थविज्ञानाचे सिद्धांत म्हणजे आकडे आणि बीजगणितांतील सूत्रें, आणि चित्रकला म्हणजे फुलें, डोंगर व माणसांचे चेहरे, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. परंतु विसाव्या शतकांतील एक अत्यंत गहन विचार विद्वानांच्या सभेपुढें आला तो रंगीत चित्र बरोबर घेऊनच. ता. २१ सप्टेंबर १९०८ रोजीं जर्मनींतील कोलोन शहरीं हेर्मान मिंकोव्हस्की या गणितज्ञानें ‘अवकाश आणि काल’ या विषयावर व्याख्यान दिलें. त्या वेळीं पारदर्शक पटलावर हातानें रंगविलेली एक आकृति त्यानें दाखविली. त्याच तत्त्वावरील चित्र रंगीत पेन्सिलींनीं काढणें आज कोणत्याहि घरीं शक्य आहे. त्यांत फूल, डोंगर, चेहरा यांपैकीं कांहींच नसतें. तरीहि तें निरर्थक नसतें.

या आकृतीचा जवळचा नमुना आपल्याकडील रेल्वेच्या नियंत्रण-कचेरींत पुष्कळ वर्षें वापरांत होता. तेथील अधिकारी मोठ्या तक्त्यावर एका दिशेनें तास व दुसऱ्या दिशेनें स्थानकें मांडून प्रत्येक गाडीची रेषा रंगीत पेन्सिलीनें ओढीत असत. गाडी थांबली कीं रेषा केवळ काळाच्या दिशेनें सरकते. गाडी धांवूं लागली कीं ती कलते. एकेरी मार्गावर दोन गाड्यांच्या रेषांनीं एकमेकींना छेदावयाचें तें स्थानकांतच. दोन स्थानकांच्या मध्यें छेद गेला तर तेथें टक्कर ठरलेली. म्हणजे अशा कागदावरील बिंदु ही नुसती जागा नव्हे. अमुक ठिकाणीं अमुक वेळीं घडलेली ती घटना होय.

मिंकोव्हस्कीच्या पद्धतीच्या आकृतींत काल खालून वर व अंतर आडवें मोजतात. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लाख किलोमीटर जातो. म्हणून उभा एक सेंटिमीटर म्हणजे एक सेकंद धरल्यास आडवा एक सेंटिमीटर म्हणजे ३ लाख किलोमीटर धरावा. मग प्रकाशाची रेषा बरोबर ४५ अंशांत कलते व कंपासपेटींतील गुण्यानें ती सहज काढतां येते. स्वस्थ बसलेल्या माणसाची रेषा सरळ उभी. मेलगाडीचीहि डोळ्यांना उभीच दिसेल, इतका तिचा वेग प्रकाशापुढें क्षुद्र आहे. परंतु कोणत्याहि वस्तूची अथवा निरोपाची रेषा प्रकाशरेषेहून अधिक आडवी होऊं शकत नाहीं. चित्रकाराला बाकी सर्व मोकळीक आहे. एवढा एक नियम त्यानें मोडावयाचा नाहीं.

कागद जाडसर व किंचित् खरबरीत घ्यावा. त्यावर एक फिकट आडवी रेषा ओढून तीवर १० सेंटिमीटर अंतरानें दोन बिंदु द्यावे. या दोन घटना. प्रत्येक बिंदूपासून वर, डावीकडे व उजवीकडे, ४५ अंशांच्या दोन रेषा काढल्या कीं तोंड वर केलेल्या नरसाळ्यासारखा भाग मिळतो. पहिलें नरसाळें पिवळ्या पेन्सिलीनें हलक्या हातानें भरावें, नंतर दुसरें निळ्या पेन्सिलीनें. रंगीत पेन्सिलींत मेण असतें. फार दाबल्यास कागदाचे बारीक खळगे बुजतात व वरचा रंग बसत नाहीं. म्हणून टोक वरचेवर तासून पातळ थर एकावर एक चढवावे. दोन बिंदूंच्या मध्यावर, बरोबर ५ सेंटिमीटर उंचीवर, दोन्ही नरसाळीं भेटतात आणि तेथून पुढें हिरवा रंग दिसूं लागतो.

हा हिरवा रंग केवळ शोभेचा नाहीं. पिवळ्या भागावर पहिल्याच घटनेचा परिणाम होऊं शकतो, निळ्यावर दुसरीचाच. हिरव्या भागांत मात्र दोहोंची वार्ता एकत्र पोंचूं शकते. जो भाग पांढरा राहिला, तेथें दोहोंपैकीं एकीचीहि वार्ता पोंचत नाहीं. रंगांचें मिश्रण हेंच येथें कार्यकारणभावाचें गणित होतें.

एका घटनेची वार्ता अजून न पोंचलेल्या या भागाचा अर्थ जुलै १९६९ मध्यें, मनुष्य चंद्रावर उतरला तेव्हां, प्रत्यक्ष अनुभवास आला. पृथ्वीवरील शब्द चंद्रावर पोंचण्यास सुमारें १·३ सेकंद लागत, आणि उत्तर परत येण्यास तितकाच वेळ पुन्हां. यानाचें इंधन संपत आलें असतां पृथ्वीवरील तज्ज्ञांना जें कळत होतें तें सव्वा सेकंदापूर्वींचें होतें. ज्ञान, द्रव्य, यंत्रें यांपैकीं कशानेंहि तें अंतर भरून काढतां आलें नसतें. त्या क्षणींचा निर्णय यानांतील माणसांनींच घ्यावयाचा होता.

मनास येतील तसे फराटे ओढले म्हणजे अमूर्त चित्र झालें, असा आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो. तो अगदींच खोटा नाहीं. अणूच्या विघटनानें सारें जगच ढांसळल्यासारखें आपणांस वाटलें, असें रशियन चित्रकार कान्डिन्स्की यानें १९१३ मधील आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. परंतु शास्त्राच्या वार्तेनें मन हलणें वेगळें व शास्त्राचा नियम चित्रांत पाळणें वेगळें. पहिल्यांत भावना आहे, दुसऱ्यांत शिस्त. दोन बिंदूंचें चित्र साधल्यावर पांच-सहा बिंदु घ्यावे, रंग आपल्या आवडीचे निवडावे. नियम पाळला तर चित्र कितीहि गुंतागुंतीचें झालें तरी तें वाचतां येईल.

मिंकोव्हस्की त्या व्याख्यानानंतर चार महिनेहि जगला नाहीं. १२ जानेवारी १९०९ रोजीं आंत्रपुच्छाच्या विकारानें वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षीं तो निवर्तला. झुरिच येथील त्याचा एके काळचा विद्यार्थी आइन्स्टाइन याला प्रथम ही मांडणी अनावश्यक पांडित्याची वाटली होती. परंतु १९१५ मध्यें सिद्ध झालेला त्याचा व्यापक सापेक्षतावाद दिक्कालाच्या याच कल्पनेवर उभा राहिला. गुरूचा रंग आणि शिष्याचा रंग जेथें एक झाले, तो हिरवा भाग पाहण्यास गुरु मात्र उरला नव्हता.