एनिस टारगेरियन, पहिला

(वि. श. ७–४२). अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन (२० सप्टेंबर १९४८– ) याने निर्मिलेल्या वेस्टेरॉस या काल्पनिक खंडातील टारगेरियन घराण्याचा दुसरा राजा. त्याची कारकीर्द वि. श. ३७ ते ४२ अशी जेमतेम पाच वर्षांची असून बंडे, भाऊबंदकी आणि धर्मसंस्थेशी झालेला झगडा यांनी ती व्यापलेली आहे. वि. श. म्हणजे विजय शक. एनिसचा पिता पहिला एगॉन याने डॉर्नखेरीज वेस्टेरॉसमधील सर्व राज्ये ड्रॅगनांच्या बळावर जिंकली व ओल्डटाउन येथे राज्याभिषेक करवून घेतला. तेव्हापासून ही कालगणना सुरू होते.

एनिसचा वृत्तांत प्रथम द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर (२०१४) या ग्रंथात थोडक्यात आला. पुढे ‘द सन्स ऑफ द ड्रॅगन’ (२०१७) ही दीर्घकथा व फायर अँड ब्लड (२०१८) हा ग्रंथ यांत तो विस्ताराने सांगितला आहे. ही लेखने कादंबरीच्या रूढ पद्धतीची नाहीत. गिल्डेन नावाचा एक विद्वान अनेक पिढ्यांनंतर जुन्या साधनांच्या आधारे इतिहास लिहीत आहे, अशी त्यांची मांडणी आहे. त्यामुळे राजाच्या मनात काय चालले होते, ते वाचकाला थेट कळत नाही. एनिसला चिकटलेले ‘दुबळा’ हे विशेषण बखरकाराचे आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याची कथा वाचावी लागते.

एनिस हा एगॉन व त्याची धाकटी बहीण आणि पत्नी ऱ्हेनिस यांचा पुत्र. जन्मतः तो इतका अशक्त होता, की तो जगेल असे कोणास वाटत नव्हते. एगॉनसारख्या बलदंड पुरुषाचा हा पुत्र नव्हेच, अशी कुजबुजही झाली. क्विकसिल्व्हर नावाचे ड्रॅगनाचे पिल्लू त्यास लाभले आणि त्याची प्रकृती सुधारू लागली. वि. श. १० मध्ये डॉर्नच्या युद्धात माता मारली गेली, तेव्हा तीन वर्षांचा हा मुलगा चालणे सोडून पुन्हा रांगू लागला, असे बखरकार सांगतो. मोठेपणी तो देखणा, मृदुभाषी आणि गीतसंगीताचा चाहता निघाला. किमया व ज्योतिष यांचाही त्यास नाद होता. सर्वांना तो आवडे, आणि आपण सर्वांना आवडावे ही त्याची सर्वांत मोठी इच्छा होती. त्याचा सावत्र भाऊ मेगॉर हा एगॉनची थोरली राणी व्हिसेन्या हिचा पुत्र. तो युद्धनिपुण, अबोल व क्रूर होता.

एगॉनच्या राज्यात नांदलेली शांतता कायद्याइतकीच धाकावर उभी होती. तो दरवर्षी दीर्घकाळ राज्यभर फिरे आणि सरदारांना त्याचा ड्रॅगन दिसत राही. वि. श. ३७ मध्ये तो मरण पावला. अभिषेकानंतर एनिसने पित्याची ब्लॅकफायर ही तलवार मेगॉरच्या स्वाधीन केली. हे शस्त्र माझ्यापेक्षा तुलाच शोभते, असे तो म्हणाला. सद्भावनेने केलेल्या या कृतीत राजसत्तेचे चिन्हच त्याने दुसऱ्याच्या हाती दिले.

नवा राजा प्रमुख धर्मगुरूचा आशीर्वाद घेण्यासाठी ओल्डटाउनकडे निघाला असता वाटेतच बंडाच्या वार्ता येऊ लागल्या. हॅरेनहॉल किल्ल्यात हॅरेन द रेड या लुटारूने तेथील सरदाराचा वध करून स्वतःला राजा म्हणवून घेतले. लोह बेटांत लोडोस नावाच्या इसमाने, सागरतळाशी गेलेला पुरोहित-राजा तो मीच, असा दावा केला. व्हेल या पर्वतमय प्रांतात जोनोस ॲरिन याने आपला भाऊ, म्हणजे तेथील अधिपती रॉनेल, यास कैद केले. डॉर्नच्या सीमेवर ‘गिधाड राजा’ या नावाने एक पुंड हजारो अनुयायांसह उठला. एनिसला याचे प्रथम नवलच वाटले. या लोकांचे काही गाऱ्हाणे होते, तर ते आपल्याकडे का आले नाहीत, हे त्यास उमगेना. त्याने आरमारास व्हेलकडे जाण्याची आज्ञा दिली. मग राजधानी उघडी पडेल या भीतीने ती मागे घेतली. मुख्य प्रधान ॲलिन स्टोकवर्थ यास केवळ काहीशे माणसे देऊन हॅरेनच्या मागावर धाडले आणि उरलेल्या बंडांचा विचार करण्यासाठी एक मोठी सभा बोलावण्याचे ठरविले.

सभेची वाट कोणीच पाहिली नाही. व्हेलमध्ये रॉइस या सरदाराने राजनिष्ठांची फौज उभारून जोनोसला त्याच्या गडात कोंडले. तेव्हा जोनोसने भावास गडाच्या ‘चंद्रद्वारा’तून खाली लोटून दिले. अखेर मेगॉर बेलेरियन या प्रचंड ड्रॅगनावर बसून आला आणि बंडखोरांना मृत्युदंड देऊन त्याने प्रकरण मिटविले. सीमेवरील सरदारांनी गिधाड राजाचा मोड केला. हॅरेनच्या पाठलागात स्टोकवर्थ मारला गेला. त्याच्या सेवेतील एका तरुणाने हॅरेनला ठार केले. लोह बेटांचा अधिपती गोरेन ग्रेजॉय याने लोडोसचे शिर खारवून राजाकडे पाठविले. एनिसने प्रसन्न होऊन हवा तो वर माग म्हटले, आणि गोरेनने आपल्या बेटांतून राजधर्माच्या पुरोहितांना हाकलून देण्याची परवानगी मागून घेतली. चारही बंडे मोडली, पण एकही राजाने मोडले नाही. ज्यांनी ती मोडली, त्यांचे वजन वाढले. मेगॉर आता मुख्य प्रधान झाला.

भावांचे सख्य दोनच वर्षे टिकले. वि. श. ३९ मध्ये मेगॉरने पहिली पत्नी हयात असताना दुसरा विवाह केला. ती पत्नी प्रमुख धर्मगुरूची पुतणी असल्याने धर्मसंस्था खवळली. नवी पत्नी सोड किंवा पाच वर्षे देशाबाहेर राहा, असा पर्याय एनिसने ठेवला. मेगॉरने हद्दपारी पत्करली व बेलेरियन आणि ब्लॅकफायर यांसह तो पेंटॉस येथे गेला. राजाने तलवार परत मागितली, तेव्हा हवी असल्यास येऊन घेऊन जा, असे उत्तर आले. धर्मसंस्थेची मर्जी राखण्यासाठी एनिसने मर्मिसन या धर्मोपदेशकास मुख्य प्रधान नेमले.

येथवरची हकीकत धरसोडीची आहे. पुढची तशी नाही, आणि बखरकाराच्या निवाड्यात हा भेद पुरेसा उमटलेला नाही. वि. श. ४१ मध्ये एनिसने आपली ज्येष्ठ कन्या ऱ्हेना हिचा विवाह तिचा सख्खा भाऊ एगॉन याच्याशी लावला. टारगेरियन घराण्यात ही जुनी चाल होती. ईजिप्तच्या टॉलेमी राजांतही अशी प्रथा होती. परंतु वेस्टेरॉसमध्ये एकाच देवाची सात रूपे मानणारा पंथ प्रबळ होता व त्यात असा संबंध महापाप गणला जाई. पहिल्या एगॉनच्या विवाहांकडे धर्मसंस्थेने काणाडोळा केला होता, कारण ते त्याच्या विजयापूर्वीच झाले होते. ऱ्हेना तान्ही असताना तिची मेगॉरशी सोयरीक करण्याची कल्पना व्हिसेन्याने मांडली होती, तेव्हा धर्मगुरूंनी उघड विरोध केला होता. इशारा मिळालेला असूनही एनिस या बाबतीत डगमगला नाही. आयुष्यात ज्या एका निर्णयावर तो ठाम राहिला, त्यानेच त्याचा घात केला; कारण निर्णयापूर्वी वाटाघाट नव्हती आणि निर्णयानंतर बळ वापरण्याची सिद्धता नव्हती.

विवाह लावणाऱ्या मर्मिसनला पंथाबाहेर काढण्यात आले व पुढे जमावाने त्याची हत्या केली. धर्मसंस्थेच्या दोन सशस्त्र संघटना राजाविरुद्ध उभ्या राहिल्या: एक सरदारपुत्रांची व दुसरी ‘पुअर फेलोज’ ही गरीब भाविकांची. मारेकरी राजाच्या निवासात शिरले, पण अंगरक्षकामुळे तो बचावला. मग तो कुटुंबासह ड्रॅगनस्टोन बेटावर पळून गेला. ओल्डटाउनचे मुख्य मंदिर आणि राजधानीतील ऱ्हेनिसच्या स्मरणार्थ बांधलेले मंदिर जाळून टाक, असा सल्ला व्हिसेन्याने दिला. एनिसला तो पत्करवेना आणि त्याऐवजी काय करावे हेही सुचेना. पोटाच्या विकाराने तो अंथरुणास खिळला. राज्याच्या दौऱ्यावर गेलेल्या मुलगी व जावई यांना शत्रूंनी क्रेकहॉल किल्ल्यात वेढल्याची वार्ता ऐकताच तो कोसळला आणि तीन दिवसांनी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. अखेरीस शुश्रूषा व्हिसेन्याकडे असल्याने विषप्रयोगाची वदंता पसरली. कथेत तिचा उलगडा होत नाही.

व्हिसेन्याने तत्काळ पेंटॉसहून मेगॉरला आणले व त्याने पुतण्यास डावलून मुकुट धारण केला. स्मारक-मंदिर त्याने आतील माणसांसह जाळले. एनिसचे एगॉन व व्हिसेरिस हे दोन पुत्र मेगॉरच्या राज्यात बळी गेले. तिसरा, जेहेरिस, वि. श. ४८ मध्ये गादीवर आला. त्यानेही सख्ख्या बहिणीशीच विवाह केला. मात्र तो लगेच जाहीर केला नाही. टारगेरियन लोकांचे रक्त वेगळे असल्याने सामान्य नियम त्यांना लागू नाहीत, हे तत्त्व पटवून देण्यासाठी त्याने सात उपदेशक राज्यभर धाडले. पित्याच्या वेळेसारखा उठाव या खेपेस झाला नाही.