विश्लेषण : तुमचा कुत्रा हुशार आहे की नुसता आज्ञाधारक?

मोटारसायकल अजून वळणावरच असते. घरात कुणाला आवाजही आलेला नसतो. पण पडवीत झोपलेला कुत्रा कान टवकारतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. तशाच दहा गाड्या आधी गेलेल्या असतात, तेव्हा तो हललेलाही नसतो. माणगावसारख्या गावात हे दृश्य रोजचे. मग ही हुशारी की सवय?

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये कुत्र्याच्या बुद्धीचे तीन भाग सांगितले : उपजत, अनुभवातून आलेली आणि माणसाची आज्ञा पाळण्याची. त्यांच्या गाजलेल्या यादीत बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा. मात्र ही यादी आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवर बेतलेली होती. म्हणजे मोजले गेले ते ऐकणे. फाटकाची कडी नाकाने वर करून बाहेर पडणारा कुत्रा या हिशेबात 'वाईट' ठरतो, तरी डोके त्याने चालवलेलेच असते.

गावठी कुत्रा मठ्ठ असतो?

नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या, काहीही न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेले वाडगे ठेवले आणि एकाकडे बोट दाखवले. बरीच कुत्री भीतीने जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतील सुमारे ८० टक्के दाखवलेल्या वाडग्याकडे गेली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. महागडे पिल्लू घेण्यापूर्वी तो आठवायला हरकत नाही.

आणखी एक खूण सहज दिसते. चेंडू कपाटाखाली गेला की कुत्रा आधी स्वतः पंजा घालून बघतो, जमले नाही की वळून मालकाच्या तोंडाकडे पाहतो. हंगेरीतील संशोधकांना माणसाळवलेल्या लांडग्यांत हे असे वळून बघणे फारसे आढळले नाही.

'चूक कळते त्याला'

इथे मात्र बहुतेक घरांत गफलत होते. चप्पल फाडलेली दिसते, कुत्रा मान खाली घालतो, म्हणून त्याला अपराध कळला असे समजून फटका बसतो. न्यूयॉर्कमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासले. खाऊ कुत्र्याने खाल्ला, असे काही मालकांना खोटेच सांगितले. रागावल्यावर निर्दोष कुत्र्यांनीही तोच 'अपराधी' चेहरा केला, उलट जास्तच. म्हणजे तो मालकाचा राग वाचत होता. ही हुशारीच, पण तासाभरापूर्वीच्या चपलेचा धडा त्यातून मिळत नाही; मिळते ती भीती.

योग्य काम मिळाले तर हेच जनावर काय करते, ते मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्रेडॉरने दाखवले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. माणगावहून म्हसळ्यावरून श्रीवर्धनकडे गेले की तोच किनारा. त्या काळात जंजीरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढल्याची नोंद सांगितली जाते. २००० मध्ये तो कर्करोगाने गेला.

घरच्या कुत्र्यालाही काम हवे असते. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा भुंकतो, माती उकरतो, आणि घरचे त्याला बिनडोक म्हणतात. जुन्या फडक्यात भाकरीचे तुकडे गुंडाळून अंगणात लपवा, त्याला शोधू द्या. आणि ओळखीची हाक न कळणे, दाराच्या उलट्या बाजूला उभे राहणे असे म्हाताऱ्या कुत्र्यात अचानक दिसू लागले, तर त्याला हट्टी न म्हणता पशुवैद्यकाकडे न्या.