तेजीच्या दाराला कडी

२०२१ च्या ऑगस्टात विदर्भातल्या काही बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरच्या शिवारात तेव्हा पीक शेंगा धरत होतं आणि बहुतेक कास्तकारांच्या घरात विकायला पोतं उरलं नव्हतं. सोंगणी होऊन नवा माल ऑक्टोबरात आला, तोवर भाव निम्म्यावर उतरला होता.

कोरोनाच्या मंदीतून जग तेव्हा सावरत होतं. मागणी टिकावी म्हणून मोठ्या देशांनी व्याजदर खाली आणले होते. आपल्या रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून ४ टक्के होता. बाजार उघडले, गिऱ्हाईक परतलं, पण माल आणि जहाजं तितक्या लवकर परतली नाहीत. २०२१ च्या मध्यावर देशात खाद्यतेल वर्षभरात ३० टक्क्यांहून अधिक महागलं होतं. अशा वेळी व्याज वाढवावं तर नुकतं उभं राहिलेलं अर्थचक्र पुन्हा बसतं, न वाढवावं तर गरिबाच्या फोडणीला तेल मिळत नाही. हा पेच खरा आहे. शहरातल्या रोजंदारीवाल्याला तेल स्वस्त मिळावं, यात गैर काहीच नाही. पण त्याची किंमत कोणी मोजायची?

व्याजाला हात न लावता भाव पाडायचा सोपा मार्ग म्हणजे आयात. सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ टक्के. बाकी बहुतेक पेंड, जी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यामुळे पेंड पडली की सोयाबीन पडतं. ऑगस्ट २०२१ मध्येच केंद्राने १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली, तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची. ते वाण पेरायची आपल्या शेतकऱ्याला मुभा नाही. ऑक्टोबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क घटलं. नोव्हेंबरात सोयाबीन-कापसाच्या भावासाठी शेतकरी नेते रविकांत तुपकरांनी अन्नत्याग केला. डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले.

आधीच्या मंदीनंतर हेच कापसाचं झालं होतं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने पैसा स्वस्त केला, २०१० च्या पुरात पाकिस्तानचा कापूस बुडाला, चीनची मागणी वाढली. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस पौंडाला २ डॉलरच्या वर गेला. त्याच हंगामात भारताने निर्यातीला ५५ लाख गाठींची मर्यादा घातली होती. ५ मार्च २०१२ रोजी तर निर्यातच बंद केली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच विरोध केला आणि आठवडाभरात सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. ज्या खामगावच्या कापसासाठी १८७० मध्ये जलंबहून खास लोहमार्ग टाकला गेला, त्याला जगाच्या बाजाराचे चढउतार नवे नाहीत. चढ आला की आपलंच सरकार दाराला कडी घालतं, हे मात्र सोसवत नाही.

आणि तो स्वस्त पैसा तरी इथे कुठे पोचला? २०१२ मध्ये परवान्याअभावी बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला ठेवी घ्यायला बंदी झाली. अमेरिकेत व्याज शून्याजवळ असताना आपल्या गावातला कास्तकार कृषी केंद्राच्या उधारीवर बियाणं उचलत होता.

भाव पडतो तेव्हा सरकारची घाई कुठे जाते, ते २०२४ मध्ये दिसलं. हमीभाव होता ४,८९२ रुपये, हर्राशीत बोली त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. ही अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली, तोवर दिवाळी, मजुरी आणि उधारीपायी कितीतरी माल व्यापाऱ्याकडे गेला होता.

आयात शुल्क, साठ्याची मर्यादा आणि वायदे, यांचं त्या वर्षीचं धोरण केंद्राने दरवर्षी मे महिन्यात, पेरणीआधी जाहीर करावं आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याला हात लावू नये. बुलढाण्याच्या लोकप्रतिनिधींनी, पक्ष कोणताही असो, एवढी एक मागणी दिल्लीत लावून धरावी.