कोंडवाड्याची नोंदवही

शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवावीत आणि महामार्गांवरील गुरे गोशाळांसारख्या ठिकाणी न्यावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. शाळेच्या फाटकाशी मुलाला कुत्रे चावले म्हणजे काय होते, हे शिक्षकांना सांगावयास नको. आदेशाच्या इष्टानिष्टतेचा वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. निवाऱ्याचे दार लागल्यावर आत काय घडते, याचा जाब कोणी कोणाला विचारावयाचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जयपूर महानगरपालिकेच्या हिंगोनिया गोशाळेत 2016 च्या पावसाळ्यात, दोनेक आठवड्यांत सुमारे 500 गायी दगावल्याच्या वृत्ताने देश हादरला होता. वेतन थकल्यामुळे कंत्राटी कामगारांनी काम थांबविले होते. त्यात मुसळधार पाऊस झाला. शेणाच्या आणि मातीच्या चिखलात रुतलेल्या जनावरांना बाहेर ओढावयास वा वैरण घालावयास पुरेसे हात नव्हते. आणि हे घडले ते गोपालनासाठी स्वतंत्र मंत्री असलेल्या राज्यात! श्रद्धा होती, खातेही होते. उणीव होती ती चारा पडला की नाही आणि चारा घालणाऱ्याला पगार मिळाला की नाही, हे रोज पाहणाऱ्याची.

या बाबतीत आपला जुना कोंडवाडा अधिक शिस्तीचा होता, असे म्हणावे लागेल. 1871 च्या कायद्याने कोंडवाड्याच्या रखवालदारावर स्पष्ट कर्तव्ये घातली. जनावर कोणत्या दिवशी, किती वाजता आले, ते कसे दिसते, कोणी आणले, हे त्याने नोंदवहीत लिहावे, नोंदीची नक्कल आणणाऱ्यास द्यावी, चारापाणी करावे. सात दिवसांत धनी न आल्यास जाहीर नोटीस लागे, गावात दवंडी पिटली जाई आणि त्यानंतरही कोणी न आल्यासच लिलाव होई. परकीय राज्यकर्त्यांना गुरांचा कळवळा होता म्हणून हे घडले नाही. जनावर ही कोणाची तरी मालमत्ता होती आणि तिचा धनी दाराशी येऊन जाब विचारणार होता. आजच्या निवाऱ्यातील भटक्या कुत्र्याला वा सोडून दिलेल्या भाकड गाईला धनी नाही. म्हणूनच धन्याची ती जागा नागरिकांनी घेतली पाहिजे.

अशी टीका झाली की पालिकेचे अधिकारी तिला बदनामी म्हणतात आणि कर्मचारी अपुरे, निधी अपुरा, ही सबब पुढे करतात. सबब सर्वस्वी खोटी नसते. ‘कुत्री उचला’ म्हणून अर्ज करणारे आपणच त्यांच्या पोटापाण्याचा खर्च विसरतो. एखाद्या छायाचित्राने संतापावयाचे आणि आठवड्यात विसरावयाचे, हीही टीकाकारांची सवय आहे. शिवाय तो संताप बहुधा शेण उपसणाऱ्या, पगार थकलेल्या माणसावर निघतो. अंदाजपत्रक मंजूर करणारे नामानिराळे राहतात.

कायद्याच्या धाकावर विसंबावे, तर 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड सांगितला तो 10 ते 50 रुपये! माहितीचा अधिकार 2005 पासून आहे; पण उत्तराची मुदत 30 दिवसांची. उपाशी जनावर तेवढे थांबत नाही. तथापि त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक कार्यालयांनी आपल्या कारभाराची माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. तिचा आधार घेऊन प्रत्येक निवाऱ्याच्या फाटकावर दरमहा एक तक्ता लागावा: किती प्राणी आले, किती सोडले, किती मेले व कशाने, पशुवैद्य किती वेळा आला, चाऱ्यावर काय खर्च झाला, कामगारांचे वेतन कोणत्या महिन्यापर्यंत चुकते झाले. हाच तक्ता पालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढेही यावा.

यासाठी नवा कायदा नको, मोठा निधीही नको. नोंदवही कशी वाचावी, हे कारकुनाला आणि शिक्षकाला शिकवावे लागत नाही. महिन्यातून एकदा फाटकापर्यंत जाऊन तो तक्ता वाचणे आणि तो नसेल तर आपल्या नगरसेवकाला कारण विचारणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.