मागच्या रांगेतले बाकरे

मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा एक फोटो सगळीकडे छापला जातो. पुढे सूझा, आरा, गाडे. मागे हुसेन, बाकरे, रझा. आमच्या सोनईत लग्नाच्या फोटोत पुढच्या रांगेत कोण बसलं यावरून वर्षानुवर्षं रुसवे चालतात, त्यामुळे असा फोटो दिसला की माझी नजर आधी मागे जाते. हुसेन-रझांची चित्रं कोट्यवधींना गेली. त्यांच्यामधले सदानंद बाकरे कोण, हे कुतूहल मात्र मला कित्येक वर्षं सोडत नाही.

ग्रुपची जन्मकथा वाचकांना ठाऊक आहे: १९४७ची अखेर, जे. जे.मधून काढून टाकलेल्या सूझांचा पुढाकार, मुंबईत आलेल्या लँगहॅमर-लायडन-श्लेसिंगर या युरोपीय कलाप्रेमी त्रयीचा आधार, आणि जुलै १९४९मध्ये रॅम्पार्ट रोवर मुल्कराज आनंदांच्या हस्ते खुलं झालेलं प्रदर्शन. या सहांत एकही फोटोग्राफर नाही, हे मला खटकायचं.

कारण न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कलेला दार उघडून दिलं ते एका फोटोग्राफरनेच. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९०५मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर ‘२९१’ ही गॅलरी काढली, ती फोटोग्राफी ही कला आहे हे पटवून देण्यासाठी. पण १९०८मध्ये रोदँची रेखाटनं आणि १९११मध्ये पिकासो तिथेच लागले, आर्मरी शो या आधुनिक कलेच्या गाजलेल्या प्रदर्शनाच्याही आधी. स्टिग्लिट्झच्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाच्या १९१७च्या शेवटच्या अंकात फोटो होते ते पॉल स्ट्रँड या तरुणाचे.

हा धागा मुंबईला जुळतो तो श्रीनगरमार्गे. १९४८मध्ये रझा तिथे चित्रं काढत असताना त्यांना आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. न्यूयॉर्कमध्ये स्ट्रँडच्या गोटात सिनेमाचे धडे घेतलेला हा फ्रेंच फोटोग्राफर. चित्रं पाहून त्याने सांगितलं की गुण आहे, पण बांधणी नाही; सेझान अभ्यासा. रझा हे पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९५०मध्ये ते पॅरिसला गेले. लँगहॅमरच्या घरच्या बैठकींचं कौतुक खूप होतं. मला श्रीनगरची ही एक भेट जास्त वजनाची वाटते.

आणि बांधणीच म्हणाल, तर ती बाकऱ्यांच्या हातात होतीच. जन्म १९२०चा, बडोद्याचा, शिक्षण जे. जे.त, ग्रुपमधले एकमेव शिल्पकार. व्यक्तिशिल्पावर त्यांचा हात बसलेला होता. पण आधुनिक शिल्पाला तेव्हा मुंबईत गिऱ्हाईक कुठलं? पैसे मिळायचे ते चौकातल्या पुतळ्यांना. कॅनव्हास गुंडाळून बोटीवर चढवता येतो; ब्राँझला भट्टी लागते, जागा लागते, भांडवल लागतं. माझ्या मते बाकरे मागे पडले ते गुणांनी नव्हे, माध्यमामुळे.

१९५१मध्ये ते लंडनला गेले. तिथे चित्रंही काढू लागले: टोकदार, काटेरी आकारांची, शिल्पकाराने रंगवलेली हे लगेच ओळखू यावं अशी. सत्तरच्या दशकात परतले ते मुंबईला नाही, थेट कोकणात मुरूड-हर्णैला. २००५मध्ये, ग्रुपशी नंतर जोडल्या गेलेल्या तैयब मेहतांच्या ‘महिषासुर’ला न्यूयॉर्कच्या लिलावात पंधरा लाख डॉलरहून अधिक किंमत आली, तेव्हा बाकरे हयात होते. २००७मध्ये ते गेले.

पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचं तरी भलं झालं असं नाही. हरी अंबादास गाडे हे अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर, रझांइतकेच रंगांचे जाणकार. त्यांच्यावर विदर्भातल्या कुणीतरी सवडीने लिहावं.