चपलेच्या वेणीतून उमटणारी मगर
मुलांना अतिवास्तववादी चित्रकलेची ओळख

आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर रंगवला, त्या कोल्हापुरात मुलाच्या हाती पेन्सिल आली की पहिली अपेक्षा असते ती हुबेहूबपणाची. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची तयारीही बरीचशी त्याच दिशेने चालते. त्यात गैर काही नाही. मात्र नऊ-दहा वर्षांचे मूल 'मला चित्र येत नाही' म्हणून वही मिटते, ते बहुधा याच धास्तीने. अशा मुलासाठी अतिवास्तववादाची वाट उपयोगी ठरते.

आंद्रे ब्रेताँ याने १९२४ साली पॅरिसमध्ये या चळवळीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. स्वप्नात किंवा अर्धवट जागेपणी मनात उमटणाऱ्या, तर्काने न जोडलेल्या प्रतिमांना कलेत स्थान मिळावे, हा त्याचा आग्रह. मुलांना एवढा इतिहास पुरे; फ्रॉइड मोठ्यांसाठी राखून ठेवावा.

त्यापेक्षा माक्स अर्न्स्टची गोष्ट सांगावी. १९२५ मध्ये फ्रान्सच्या समुद्रकाठी एका खोलीत राहत असताना त्याचे लक्ष जमिनीच्या झिजलेल्या लाकडी फळ्यांकडे गेले. त्यांवर कागद ठेवून त्याने शिसे घासले आणि उमटलेल्या पोतात त्याला अरण्ये, पक्षी, श्वापदे दिसू लागली. या तंत्राला 'फ्रोताज' म्हणतात. नाण्यावर कागद ठेवून घासण्याचा आपल्याकडील मुलांचा खेळ याच जातीचा.

साहित्य घरातच सापडते. कोल्हापुरी चपलेची वेणी, सूप, गोणपाट, पिंपळाचे जाळीदार पान. त्यांवर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा धरावा व हलक्या हाताने फिरवावा. तीन-चार पोत एकाच कागदावर परस्परांत मिसळू द्यावेत. मग कागद दूर धरून, उलटा-आडवा करून पाहावा. काय दिसते ते मुलानेच ठरवावे आणि काळ्या पेनाने मोजक्याच रेषा जोडाव्यात : एखादा डोळा, चोच, खिडकी. वेणी मगरीची पाठ होते, सुपाची वीण नांगरलेले शेत होते. या वेळी मोठ्यांनी 'हे काय काढलंस?' असे विचारू नये. त्या प्रश्नाने मूल पुन्हा हुबेहूबपणाकडे वळते.

अर्थात, अतिवास्तव म्हणजे 'काहीही काढा' नव्हे. साल्वादोर दालीचे वितळत्या घड्याळांचे प्रसिद्ध चित्र १९३१ मधले; आबालाल निवर्तले तेही याच वर्षी. जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटरच्या त्या चित्रातले मागचे कडे दालीने आपल्या परिचयाच्या किनाऱ्यावरून बारकाईने रंगवले आहेत. घड्याळांचे विपरीतपण पटते ते त्यामुळे. म्हणून पुढचा अभ्यास असा द्यावा : ओळखीची एक वस्तू अनोळखी जागी, पण नीट निरखून काढायची. समजा, रंकाळ्यावर चंद्राच्या जागी गुळाची ढेप उगवली आहे. ढेपेचा खरखरीतपणा, तिची उजेडातली आणि अंधारातली बाजू, पाण्यात हलणारे तिचे प्रतिबिंब, हे सारे मुलाला खऱ्या ढेपेकडे आणि खऱ्या पाण्याकडे पाहूनच काढावे लागते.