बिनपंपाचं पाणी
काशीच्या घाटांवर जुन्या भिंतींच्या फटींत पिंपळ रुजतात. त्यांच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतं कसं? वरून ओढणारा पंप ते जेमतेम 10 मीटर चढवतो. 1916 साली काशी हिंदू विद्यापीठाच्या पायाभरणीनिमित्त व्याख्यान दिलेले जगदीशचंद्र बोस म्हणत, खोडातल्या जिवंत पेशी स्पंदनांनी पाणी ढकलतात. कल्पना देखणी, पण टिकली नाही. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्येच मांडलेलं उत्तर आज मान्य आहे: पानांतून वाफ उडते, आणि एकमेकांना घट्ट धरलेल्या रेणूंची अखंड साखळी मृत, पोकळ जलवाहिन्यांतून वर खेचली जाते. कडक उन्हाळ्यात ताण वाढला, की कधी साखळी तुटते, वाहिनीत बुडबुडा अडकतो. मग पाणी शेजारच्या वाहिनीतून वाट काढतं.